मागचे ब्रेक, पुढचे ब्रेक आणि नगरची रोल्स रॉईस

नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेची सवय लगेच सुटत नाही) रणगाड्यांचं संग्रहालय बघायला गेलो होतो. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय लष्कराच्या चिलखती दलाचं. पण मंडळी, माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका गाडीपाशी. रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट, अंगावर चिलखत, डोक्यावर मशीनगनचा बुरूज.

विचार करा, आपण ज्याला मॉडिफिकेशन म्हणतो त्याचा हा पणजोबा. राजेमहाराजांना मिरवायला बनवलेली गाडी. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, तिच्याच चासीवर पोलादी पत्रे ठोकायला सुरुवात झाली. वजन गेलं चार टनांच्या वर. भार पेलावा म्हणून मागे एकेका बाजूला दोन-दोन चाकं आली. पण ब्रेक? १९२४ च्या आधीच्या सिल्व्हर घोस्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते!

पुढे ब्रेक का नाहीत? तेव्हा लोकांना भीती वाटायची की पुढची चाकं अडकली तर स्टिअरिंग जाईल. भीती अगदीच खुळी नव्हती. शिवाय वळणाऱ्या चाकापर्यंत ब्रेकचा दांडा नेणं ही किचकट भानगड. स्कॉटलंडच्या आरगाईल कंपनीने १९११ च्या सुमारास प्रयत्न केला, १९१९ मध्ये हिस्पानो सुइझाने चारही चाकांना सर्व्होच्या मदतीने ब्रेक दिले, १९२१ मध्ये अमेरिकेत ड्युसेनबर्गने हायड्रॉलिक ब्रेक आणले. रोल्स रॉईसने शेवटी हिस्पानो सुइझाच्याच सर्व्होचा परवाना घेतला.

आता थोडं गणित (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, रागावणार नाही). हजार किलोची गाडी घ्या. उभी असताना पुढे ५५०, मागे ४५०. दोन आसांतलं अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. ०.८ जी ने ब्रेक मारला की १६७ किलो मागून पुढे सरकतात. म्हणजे पुढे ७१७, मागे २८३. ब्रेकचं वाटपही साधारण ७२-२८ हवं. गाडी खाली बसवलीत तर सरकणारा भार कमी होतो, चिकट टायर घातलेत तर वाढतो. म्हणजे कंपनीने काढलेलं गणित तुम्ही घरी बसून बदलता. उलट फक्त मागचे ब्रेक असतील, तर ०.७ घर्षणाच्या रस्त्यावर ही गाडी जेमतेम ०.२७ जी ने थांबेल. घाटात चार टनांचं धूड घेऊन उतरणाऱ्या त्या ड्रायव्हरांना माझा सलाम.

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं ते मात्र करंजी घाटात. मित्राची पद्मिनी. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम. त्याने हौसेने पुढे दुसऱ्या गाडीचे डिस्क बसवून घेतले होते, मास्टर सिलिंडर जुनाच, बूस्टर नाही. पावसाळी संध्याकाळ, उतार, समोर अचानक ट्रॅक्टर. त्याने पाय दाबला आणि आमचं तोंड घाटाच्या वरच्या बाजूला! गाडी गिरकी घेऊन कठड्याच्या अलीकडे थांबली. दोघंही मिनिटभर गप्प.

"अरे, डिस्क तर जास्त चांगले ना?" हा त्याचा पहिला प्रश्न. चांगले, पण ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढतो, फुकटची मदत मिळते. डिस्कला ती नाही, त्याला दाब जास्त लागतो. म्हणजे खर्च करून पठ्ठ्याने पुढचा ब्रेक कमजोर केला होता, आणि मागचे ड्रम आधी अडकत होते. पुढची चाकं आधी अडकली तर गाडी निदान सरळ जाते. मागची अडकली की फिरते.

गंमत बघा, गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या सरकारी यादीत (केंद्रीय मोटार वाहन नियम १२६) नगरच्याच व्हीआरडीईचं नाव आहे. तिथून पास होऊन आलेली गाडी आपण गल्लीतल्या गॅरेजात बदलतो, पुन्हा तपासणार कोण? एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण पद्मिनीला त्याचा काय उपयोग? असो.

मग बूस्टर आणि मापाचा मास्टर सिलिंडर आला, मागच्या ब्रेकच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसला. एका रविवारी रिकाम्या मैदानावर जमीन ओली करून ताशी ४० ने ब्रेक मारायला सुरुवात केली. तो आत, मी बाहेर. चाकांवर खडूच्या रेघा, आधी कुठली रेघ थांबते ते ओरडून सांगायचं. "मागची!" की व्हॉल्व्ह थोडा फिरवायचा, की पुन्हा फेरी. अकराव्या फेरीला मी पहिल्यांदा "पुढची!" असं ओरडलो. तरी त्याने आणखी तीन फेऱ्या मारल्या, आणि व्हॉल्व्हच्या नॉबवर नेलपॉलिशची खूण केली. बायकोचं होतं, तिला अजून माहीत नाही :)