शिक्षणतज्ज्ञाच्या संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

परभणी : येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेले भेंडीचे 'परभणी क्रांती' हे वाण शेतकऱ्यांपर्यंत किती पोहोचले, याचा अंदाज विकलेल्या बियाण्यावरून व लागवडीच्या क्षेत्रावरून बांधता येतो. शिक्षणविषयक संशोधनाला असे सरळ माप नाही. तरीही प्राध्यापकांची निवड आणि पदोन्नती यांसाठी ते मोजले जाते. त्यामुळे माप चुकीचे असेल, तर अन्याय अभ्यासकावर होतो आणि नुकसान शाळांचे होते.

आकड्यांची पद्धत

एका लेखाचा उल्लेख पुढील किती लेखांनी संदर्भ म्हणून केला, हे मोजण्याची पद्धत अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये 'एच-निर्देशांक' सुचविला. एखाद्याच्या किमान १० लेखांना प्रत्येकी किमान १० संदर्भ मिळाले असतील, पण ११ लेखांना प्रत्येकी ११ मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक १० होतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर' मात्र नियतकालिकाचा असतो. त्याच्या आधीच्या दोन वर्षांतील लेखांना एका वर्षात सरासरी किती संदर्भ मिळाले, हे त्यातून कळते. एखाद्या लेखाचे मोल त्यावरून ठरविता येत नाही.

जे. पी. नाईक यांचे उदाहरण

या मापांची मर्यादा डॉ. जे. पी. नाईक (१९०७-१९८१) यांच्या कार्यावरून स्पष्ट होते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या नाईक यांनी १९४८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था स्थापन केली. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला का जड जाते, याची मांडणी त्यांनी १९७५ मध्ये ग्रंथरूपाने केली.

आयोगाचा अहवाल मात्र 'कोठारी आयोग' या नावानेच ओळखला जातो. त्याला मिळणारे संदर्भ नाईक यांच्या खात्यावर जमा होत नाहीत. प्रभाव पाहावा, तर जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन आलेली दहावी-बारावीची रचना राज्यातील प्रत्येक घराला परिचित आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही आयोगाची शिफारस १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने स्वीकारली आणि २०२० च्या धोरणानेही सहा टक्क्यांचाच पुनरुच्चार केला. परंतु ते उद्दिष्ट गाठले गेलेले नाही. सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळा ही कल्पनाही बव्हंशी कागदावरच राहिली. विचाराचा उल्लेख होणे, तो धोरणात येणे आणि प्रत्यक्षात उतरणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. संदर्भांची संख्या त्यांपैकी केवळ पहिलीच दाखविते.

मराठी लेखनाची अडचण

आंतरराष्ट्रीय संदर्भसूच्यांत इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. शिक्षकांना उपयोगी पडणारे लेखन मात्र बहुधा मराठीत होते. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील एखाद्या शिक्षिकेने असा लेख वाचून वाचनाचा तास वेगळ्या रीतीने घेतला, तरी त्याची तळटीप कोठेही उमटत नाही. संशोधनमापनाविषयीच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे, हे त्यांपैकी एक होय.

केवळ संख्येवर भर दिल्याचे परिणामही दिसले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये गुणांकनाची पद्धत आणल्यानंतर पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांना ऊत आला. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे.

काय पाहावे?

एखाद्या शिक्षणतज्ज्ञाच्या कार्याचा प्रभाव तपासताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतात :

- इतर संशोधकांनी त्याचा आधार घेतला काय, आणि तो सहमतीने की खंडनासाठी?
- शासकीय अहवाल, अभ्यासक्रम वा शिक्षक-प्रशिक्षणाच्या साहित्यात ते आले काय?
- शिक्षकांनी ते वापरले काय, आणि मुलांच्या शिकण्यात फरक पडला काय?
- दहा-वीस वर्षांनंतरही ते उपयोगी राहिले काय?

पहिल्या प्रश्नातील संख्येचा भाग संगणक सांगू शकतो. उरलेल्या उत्तरांसाठी संशोधन वाचावे लागते, शाळेत जाऊन पाहावे लागते आणि वाटही पाहावी लागते.