मराठी लोकगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका : संग्राहकांचे कार्य आणि इतिहासलेखनाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड इ.स. १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या दोन घटनांमधील बारा वर्षांत महाराष्ट्रातील वाडे, माळे आणि देवघरे धुंडाळून दप्तरे, सनदा व बखरी गोळा करण्याचा एक प्रकारचा ध्यासच अभ्यासकांना लागलेला होता. नेमक्या याच काळात भारतात दुसरे एक साधन निर्माण होऊ लागले. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरले आणि गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. त्यानंतरच्या काही वर्षांत हा व्यवसाय मुंबई इलाख्यातही स्थिरावला आणि मराठी गाण्याच्या तबकड्या बाजारात आल्या. कागद गोळा करणाऱ्यांनी या तबकड्यांकडे मात्र लक्ष दिले नाही. कागद हे 'साधन' ठरले आणि ध्वनिमुद्रिका ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणुकीची वस्तू ठरली.

हा भेद आजही पुरता मिटलेला नाही. पोवाडा, लावणी, गोंधळ, भारूड या प्रकारांच्या ज्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत, त्या प्रामुख्याने खाजगी संग्राहकांमुळे टिकल्या आहेत. या ध्वनिमुद्रिकांकडून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रित पोवाडा आणि ध्वनिमुद्रित पोवाडा

पोवाड्याचे संकलन ग्रामोफोनच्या आधीच सुरू झाले होते. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील निवडक पोवाड्यांचे ॲक्वर्थ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९४ मध्ये आले. त्यानंतर य. न. केळकर यांच्या 'ऐतिहासिक पोवाडे' या ग्रंथाचा पहिला खंड १९२८ मध्ये प्रकाशित झाला. अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा अथवा सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा आज अभ्यासक्रमात शिकविता येतो, तो या संकलकांच्या परिश्रमांमुळेच.

तथापि या संग्रहांतून हाती येते ती केवळ संहिता. शाहीर कोणत्या जागी थांबत असे, डफाची थाप कोठे वाढे, झीलकरी ध्रुपद केव्हा उचलीत, गद्य निवेदन कोठे संपून गायन कोठे सुरू होई, यांपैकी काहीही छापील पानावर उतरत नाही. पोवाडा हा मुळात ऐकण्याचा प्रकार आहे. ही उणीव ध्वनिमुद्रिका भरून काढील अशी अपेक्षा कोणासही वाटेल. ती अंशतःच पुरी होते.

याचे कारण तबकडीच्या मापात आहे. दर मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे, आणि बारा इंची तबकडीवर चार-साडेचार मिनिटांचे गायन मावत असे. पहिली काही वर्षे तर तबकडीची एकच बाजू वापरली जाई. अनेक चौकांचा, रात्रीच्या जमावासमोर रंगत जाणारा पोवाडा या मापात बसविणे म्हणजे त्याची काटछाट करणे होय. त्यामुळे नमन आखूड झाले, वर्णनपर चौक गळाले, गद्य निवेदनाला फारशी जागा उरली नाही आणि कथेतील ऐन प्रसंग तेवढा राहिला. काही पोवाडे 'भाग १', 'भाग २' असे दोन्ही बाजूंवर किंवा एकापेक्षा अधिक तबकड्यांवर विभागले गेले. तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येणारा पोवाडा हा शाहिराचा पोवाडा आहेच, पण तो कंपनीच्या मापाने कापलेला पोवाडा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

वाद्यांच्या बाबतीतही हीच अडचण होती. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत आली. तत्पूर्वी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि आवाजाच्या दाबानेच मेणाच्या पृष्ठभागावर खाचा उमटत. डफ किंवा ढोलकीची जोरदार थाप या यंत्रणेला सोसत नसे. तुणतुण्याचा बारीक झणकार तर तिच्यात हरवूनच जाई. साथीची वाद्ये मागे सरकविणे किंवा पेटीसारख्या सोयीच्या वाद्यावर भागविणे यांवाचून गत्यंतर नव्हते. म्हणून त्या काळातील तबकडीवर डफ क्षीण ऐकू येतो, एवढ्यावरून फडातही तो क्षीण वाजत असे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

लावणीचा प्रश्न निराळा आहे. बैठकीची लावणी आणि फडावरील खडी लावणी असे दोन प्रवाह महाराष्ट्रात होते. यांपैकी पहिला प्रवाह तबकडीला अधिक मानवला. एका जागी बसून, ठुमरी-गझलेच्या अंगाने लावणी गाणाऱ्या गायिका कंपन्यांना आधीपासूनच परिचित होत्या. पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचे नाव या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय होत्या आणि पुढे १९३९ च्या 'माणूस' या प्रभातच्या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. याउलट नृत्य, बतावणी आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांवर उभी असलेली फडाची लावणी तबकडीत शिरताना आपले निम्मे अंग बाहेर ठेवूनच शिरली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडाने जी दाद मिळविली, तिचे स्वरूप केवळ ध्वनिमुद्रिकांवरून समजणे म्हणूनच कठीण आहे.

चित्रपट आल्यानंतर हा गुंता वाढला. 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) आणि 'अमर भूपाळी' (१९५१) या राजकमलच्या चित्रपटांनी पेशवाईतील शाहिरांना घराघरांत पोहोचविले. दोन्ही चित्रपटांचे संगीत वसंत देसाई यांचे होते. होनाजी बाळाची भूपाळी आज ज्या स्वरांत मराठी माणसाच्या कानात बसली आहे, त्या स्वरांत परंपरेचा वाटा किती आणि १९५१ मधील स्टुडिओचा किती, याचा निवाडा केवळ त्या तबकडीवरून करता येत नाही. त्यासाठी चित्रपटपूर्व ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावी लागतात. जुन्या तबकडीचे मोल या ठिकाणी कळून येते.

लेबल, क्रमांक आणि यादी

दप्तरातील पत्राला मिती, शिक्का आणि मोर्तब असते. तबकडीवर त्यांची जागा लेबल आणि क्रमांक घेतात. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी लेबलावर कंपनीची मुद्रा, गायकाचे नाव, गीताचा प्रकार आणि विक्रीचा क्रमांक असतो. याशिवाय लेबलाजवळील मोकळ्या भागावर कोरलेला एक वेगळा क्रमांक आढळतो. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो. ग्रामोफोन कंपनीच्या पद्धतीत या क्रमांकाला जोडलेल्या अक्षरावरून ध्वनिमुद्रण कोणत्या तंत्रज्ञाने केले हे समजते आणि क्रमांकांच्या ओळीतील स्थानावरून साधारण कालही ठरविता येतो. मायकेल किनियर यांनी कंपनीच्या आरंभीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची याच आधारे तयार केली. १८९९ ते १९०८ या कालखंडाची त्यांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. कालनिर्णयाचे एवढे निश्चित साधन अनेक हस्तलिखित बाडांनाही लाभत नाही.

आरंभीच्या तबकड्यांवर गाणे संपताच गायक किंवा गायिका स्वतःचे नाव उच्चारते, हे अनेकांनी ऐकले असेल. त्यामागील कारण व्यवहाराचे होते. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना सुरू होईपर्यंत तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कामगारांना भारतीय भाषा येत नसल्यामुळे कोणते लेबल कोणत्या तबकडीला लावावयाचे हे या उच्चारावरून ठरे.

लेबल काय सांगत नाही हेही पाहिले पाहिजे. पोवाड्याचा किंवा लावणीचा रचनाकार कोण हे ते अनेकदा सांगत नाही. साथीदारांची नावे तर क्वचितच असतात. गायक कोणत्या गावचा, कोणत्या फडाचा, त्याने हे गाणे कोणाकडून घेतले, या प्रश्नांत कंपनीला स्वारस्य नव्हते. ही उणीव काही प्रमाणात कंपन्यांनी छापलेल्या याद्या व गीतपुस्तिका भरून काढतात. या पुस्तिका तबकड्यांपेक्षाही दुर्मीळ आहेत, कारण तबकडी जपणाऱ्यानेही पुस्तिका रद्दीत घातलेली असते.

संग्राहकांचे कार्य

अमेरिकेतील एक उदाहरण या ठिकाणी उपयुक्त ठरेल. हॅरी स्मिथ या संग्राहकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगाराच्या भावाने निघालेल्या जुन्या तबकड्या विकत घेतल्या. त्यांतील ८४ ध्वनिमुद्रणांची निवड १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केली. ही सर्व ध्वनिमुद्रणे मुळात बाजारासाठी काढलेली होती, तरीही अमेरिकन लोकसंगीताच्या पुढील अभ्यासाचा ती पाया बनली. युद्धकाळात तबकड्या भंगारात जाण्याचे कारण भारताशी निगडित आहे. तबकडीत दगडाची भुकटी व काजळी यांना बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख, आणि लाखेचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. युद्धामुळे तो अडला, तेव्हा जुन्या तबकड्या वितळवून नव्या करण्यात आल्या.

महाराष्ट्रात असे काम उशिरा संघटित झाले. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे तबकड्या शोधणारे छांदिष्ट आधीपासून होते. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली आणि त्यांना एक व्यासपीठ मिळाले. संस्थेचे मानद सचिव सुरेश चांदवणकर हे व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट इतिहास विभागांनी विचारात घेण्याजोगी आहे. 'द रेकॉर्ड न्यूज' या संस्थेच्या नियतकालिकाने कलावंत, कंपन्या आणि क्रमांक यांविषयीची विखुरलेली माहिती छापील स्वरूपात आणली.

'यंग इंडिया' या मुद्रेच्या तबकड्यांचे उदाहरण या कार्याचे महत्त्व पटविण्यास पुरेसे आहे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात या मुद्रेखाली दहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे काढली. चित्रपटगीते, शास्त्रीय गायन, लोकसंगीत, शैक्षणिक संच असे त्यांचे स्वरूप होते. प्रस्थापित कलावंत मोठ्या कंपनीकडे बांधलेले असल्यामुळे 'यंग इंडिया'ने बहुतांशी नवोदित व हौशी गायकांना संधी दिली. यांतील कित्येकांच्या आवाजाचा तोच एकमेव पुरावा आहे. कंपनी बंद पडली आणि तिच्या तबकड्यांची कॅसेट किंवा सीडीच्या रूपाने पुनर्मुद्रणे निघाली नाहीत. मोठ्या कंपनीचे गाणे तिच्या स्वतःच्या कोठारातून पुन्हा बाजारात येऊ शकते. बंद पडलेल्या कंपनीचे गाणे मात्र संग्राहकाच्या कपाटातच असते. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दस्तऐवजांविषयीच्या उपक्रमातून या मुद्रेच्या तबकड्यांचे अंकीकरण झाले, ते संग्राहकांनी आपल्या तबकड्या उपलब्ध करून दिल्यामुळेच.

जतन आणि अंकीकरण

लाखेची तबकडी ठिसूळ असते. पोलादी सुई प्रत्येक वादनात तिची खाच थोडी झिजवते. कोकणातील दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. ती आडवी रचून ठेवल्यास खालची तबकडी वाकते अथवा तडकते. स्पिरिटने पुसल्यास लाखच विरघळते, आणि हौसेने केलेल्या अशा स्वच्छतेने अनेक तबकड्या निकामी झाल्या आहेत. भारतात या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होते, म्हणजे त्यांतील अगदी अलीकडच्या तबकडीसही अर्धशतक उलटून गेले आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे या साठ्यातील बराच भाग आज खुला आहे आणि तो संगणकाद्वारे सर्वत्र ऐकताही येतो. मात्र अशा प्रतींमध्ये पुष्कळदा लेबलाचे छायाचित्र नसते, दोन्ही क्रमांक दिलेले नसतात, आणि 'पारंपरिक पोवाडा' एवढ्याच शीर्षकाखाली आवाज सुटा फिरत असतो. गतीचाही प्रश्न आहे. आरंभीच्या सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. चुकीच्या गतीने उतरवून घेतल्यास गायकाची पट्टी बदलते आणि आवाजाचा पोतही बदलतो. अशी प्रत ऐकून शाहिरांच्या उंच स्वराविषयी सिद्धांत मांडला गेल्यास तो यंत्राविषयीचा सिद्धांत असेल.

जे तबकडीवर आलेच नाही

जात्यावरची ओवी हा महाराष्ट्रातील स्त्रियांचा सर्वांत विस्तृत गीतप्रकार. तिला गाणारी पहाटे एकटी किंवा जोडीदारणीसह दळत असे आणि तिला समोर श्रोता नसे. विकत घेणारा श्रोता नाही, म्हणून कंपनीही नाही. ही पोकळी गी प्वातव्हाँ (१९३४–२००४) आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या संकलनाने भरून निघाली. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांतून जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळाने हे धन खुले केले आहे. येथे प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. कंपनीच्या लेबलाने जे प्रश्न विचारले नाहीत, ते येथे आरंभीच विचारले गेले.

तबकड्यांच्या बाबतीत ही नोंद आता मागाहूनच करावी लागते. एखाद्या पोवाड्याचे पहिले दोन भाग एका संग्राहकाकडे असतात, तिसरा व चौथा भाग दुसऱ्याच शहरातील पेटाऱ्यात असतो, आणि दोघांनाही आपल्याकडील पोवाडा अपुरा आहे हे विक्रीचे क्रमांक ताडून पाहीपर्यंत ठाऊक नसते. संग्राहकाच्या पश्चात त्याचे कपाट रिकामे होते तेव्हा तबकड्यांना कोठे तरी गिऱ्हाईक मिळते. त्यांचे क्रमांक उतरवून ठेवलेली वही मात्र बहुधा रद्दीत जाते.