मत्स्यपारध, पंचगंगा खोऱ्यातील

दांडी, दोरा व गळ यांच्या साहाय्याने मासे पकडण्याचा छंद आणि त्यातून विकसित झालेला क्रीडाप्रकार यांस मत्स्यपारध म्हणतात. जाळ्याने होणारी मासेमारी हा मुख्यत्वे व्यवसाय होय. गळाने होणारी मासेमारी उपजीविकेचे साधनही असू शकते व करमणुकीचेही. यूरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, या करमणुकीला संघटित सामन्यांचे रूप आले आणि अशा सामन्यांतून रुग्णालये, अनाथ मुले, आजारी कामगार इत्यादींसाठी निधी उभारण्याची प्रथा पडली. कोल्हापूर परिसरात गळाची मासेमारी जुनी असली, तरी तिचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. या फरकाचा परिणाम केवळ खेळापुरता मर्यादित नाही, तो नदीच्या आजच्या अवस्थेपर्यंत पोहोचतो.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते. प्रयाग चिखली येथील या संगमानंतर ती कोल्हापूर शहराच्या उत्तर अंगाने वाहत जाऊन सु. ८० किमी. अंतरावर नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. उपनद्यांचे वरचे टप्पे सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात असून तेथे खडकाळ पात्र, धावते पाणी व खोल डोह आढळतात. संगमाच्या खाली पात्र मातीचे, संथ व वळणावळणाचे होते. त्यामुळे थोड्या अंतरात दोन प्रकारच्या मत्स्यजीवनाला आश्रय मिळतो. वरच्या डोहांत खडस अथवा महसीर, तर खालच्या संथ पाण्यात मरळ, शिंगाळा, वाम यांसारखे मासे, अशी ही विभागणी स्थूलमानाने सांगता येते. दख्खनच्या महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून केले; ‘टॉर खुद्री’ या त्याच्या आजच्या शास्त्रीय नावातील दुसरे पद साइक्सने स्थानिक बोलीतूनच उचलले. खास कोल्हापूरच्या माशांची यादी कलावार व केळकर यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. नदीत पुढे झालेले बदल मोजण्यास ती आजही आधारभूत मानावी लागते.

गळाने मासे धरण्याची विद्या दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, दोऱ्यासाठी वापरावयाचे वनस्पतींचे तंतू, दांडी, गळ व आमिष यांची माहिती त्यात येते. गळाला लागलेल्या माशाशी झुंजण्याचे कौशल्यही त्यात वर्णिले आहे. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडमधील या विषयाची सर्वांत प्रसिद्ध पुस्तिका, आयझाक वॉल्टनची द कम्प्लीट अँग्लर, १६५३ मधील. म्हणजे सोमेश्वराचा ग्रंथ तिच्याहून पाच शतके जुना ठरतो. त्या काळी कोल्हापूरचे शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. मात्र मत्स्यविनोद हा राजाचा विनोद होता, प्रजेचा नव्हे, हे विसरता कामा नये. त्यात सामना नाही, प्रतिस्पर्धी नाही. मासा आणि राजा एवढीच दोन पात्रे आहेत.

प्रजेची मासेमारी वेगळी होती. पंचगंगेच्या काठी भोई व अन्य मच्छीमार कुटुंबे जाळ्यांवर उपजीविका करीत आली आहेत. हौशी माणसाची गरी मात्र अगदी साधी : कळकाची काठी, दोरा, बुचाचा वा देवनळाचा तरंगता तुकडा आणि गांडूळ, कणकेची गोळी किंवा शेंगदाण्याची पेंड हे आमिष. मरळ मांसभक्षक असल्याने तिच्यासाठी लहान बेडूक लावतात. घाटाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या कठड्याशी किंवा बंधाऱ्याच्या भिंतीवर बसलेला असा गरीवाला हे नदीकाठचे नेहमीचे दृश्य होय. वळवाच्या व मृगाच्या पावसात पहिले लोंढे आले, की अंडी घालण्यासाठी मासे ओढ्या-नाल्यांतून आणि भातखाचरांतून वर चढू लागतात. या ‘चढणीच्या माशां’ची पकड हा पश्चिमेकडील तालुक्यांतील मोठा उत्साहाचा प्रसंग असतो. चवीच्या दृष्टीने तो कितीही समर्थनीय असला, तरी अंड्यांनी भरलेल्या माद्याच त्यात प्रथम सापडतात. गेळाच्या फळांसारख्या वनस्पतींनी डोहातील मासे गुंगवणे ही जुनी पद्धत. सुरुंगाची दारू ही तिची आधुनिक व अधिक विनाशक आवृत्ती. या दोहोंना १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने मनाई केली.

सामन्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत वाढली. शेफील्ड, बर्मिंगहॅम यांसारख्या शहरांतील कामगारांनी मत्स्यपारधमंडळे काढली आणि रविवारी वा सुटीच्या दिवशी नदीकाठी सामने भरवले. पद्धत साधी व चोख असते. काठावर ठराविक अंतरावर क्रमांकांच्या खुंट्या ठोकतात. कोणी कोणत्या खुंटीवर बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते, कारण चांगल्या जागेत निम्मा विजय असतो. इशारा होताच सर्वजण एकाच वेळी गळ टाकतात. धरलेले मासे पाण्यात बुडवून ठेवलेल्या जाळीच्या लांब पिशवीत जिवंत राखतात. वेळ संपल्यावर प्रत्येकाच्या माशांचे एकूण वजन करून क्रम लावतात व मासे पुन्हा नदीत सोडतात. धर्मादाय सामन्यात प्रवेशशुल्काचा सर्व किंवा काही भाग नियोजित कार्यास दिला जातो. इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा १९०६ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सेन नदीवरही मोठी स्पर्धा झाली होती.

या सामन्यांचे खरे महत्त्व बक्षिसांत किंवा जमलेल्या निधीत नव्हते, असे म्हणावे लागते. सामन्यासाठी मंडळ लागते, मंडळाला काठाचा हक्क लागतो आणि हक्क असलेल्याला नदी बिघडल्यास तक्रार करण्याचा अधिकार मिळतो. शेफील्डच्या गळवाल्यांच्या आग्रहामुळे तेथील संसदसदस्य मंडेला यांनी १८७८ चा कायदा संमत करून घेतला आणि गोड्या पाण्यातील सामान्य माशांना विणीच्या हंगामात संरक्षण मिळाले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गळवाल्यांच्या सहकारी संघटनेने तर प्रदूषणाविरुद्ध दावे चालवणे हेच आपले कार्य मानले. डर्वेंट नदी दूषित केल्याबद्दल ‘प्राइड ऑफ डर्बी’ या मंडळाने एक मोठा कापड-रसायन कारखाना, डर्बीची नगरपालिका व वीजमंडळ यांच्याविरुद्ध दावा जिंकून १९५० नंतरच्या काही वर्षांत मनाईहुकूम मिळवला. हौशी गळवाल्यांनी नगरपालिकेला सांडपाण्याची व्यवस्था सुधारण्यास भाग पाडावे, ही घटना भारतीय वाचकास नवलाची वाटेल.

भारतात इंग्रज अधिकाऱ्यांनी गळाचा छंद आणला, त्याची साधने आणली, पुस्तके लिहिली. हेन्री सलिव्हन टॉमस याचे द रॉड इन इंडिया (१८७३) हे त्यांतील अग्रगण्य होय. परंतु त्यांनी मंडळ व काठाचा हक्क यांची सांगड सामान्य लोकांत रुजवली नाही. कोल्हापुरात लोकाश्रय मिळाला तो कुस्तीला. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात (१९१२) हजारो प्रेक्षक जमत. घाटावरच्या गरीवाल्यामागे चार पोरे उभी राहिली तरी पुष्कळ. नदीतील मासेमारीचे अधिकार शासनाकडे असून ते ठेक्याने, बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दिले जातात. या व्यवस्थेने व्यावसायिकांना आधार दिला हे खरे. पण हौशी माणूस कायद्याच्या दृष्टीने नदीचा कोणीच लागत नाही.

दुसरे कारण धर्मभावनेत आहे. इंग्लंडमध्ये दानासाठी मासे धरले गेले. महाराष्ट्रात मासा न धरणे हेच दान मानले गेले. महाडजवळील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातील महसीर, वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेतील मासे आणि आळंदी-देहूच्या इंद्रायणीतील मासे यांना भाविकांनी अभय दिले व खाऊ घातले. शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांतील मोठ्या जैन वस्तीमुळे पंचगंगेच्या खालच्या टप्प्यातही जीवदयेची भावना बळकट आहे. देवाच्या डोहांनी महसीराची बीजे जतन केली, यात शंका नाही. मात्र असे अभय डोहापुरतेच असते. वरून येणाऱ्या पाण्यावर त्याचा अधिकार चालत नाही.

संवर्धनाच्या सद्हेतूनेही कधी नुकसान होते, याचे उदाहरण याच माशाने पुरविले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास दख्खनच्या महसीराचे कृत्रिम प्रजनन साध्य केले आणि लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात त्याची बोटुकली मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. ती अनेक राज्यांना पुरविण्यात आली. मत्स्यपारधींच्या आग्रहाने ती कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत कुबडाच्या महसीराची वेगळी जात नांदत होती, तिचाच १२० पौंडांचा (सु. ५४ किग्रॅ.) मासा १९४६ मध्ये गळाला लागला होता. पाहुण्या महसीराची संख्या वाढत गेली आणि मूळ जात इतकी घटली, की २०१८ मध्ये तिची शास्त्रीय ओळख निश्चित होईतो ती अतिसंकटग्रस्त ठरली होती. ही घट लक्षात आली ती पारधींनी ठेवलेल्या वजनांच्या जुन्या नोंदींमुळे, हेही नमूद केले पाहिजे.

पंचगंगेवर अशा नोंदी नाहीत. नदीचे स्वरूप पालटले ते प्रामुख्याने बंधाऱ्यांमुळे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ख्यात असलेल्या रचनेत दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पावसाळ्यानंतर पाणी अडवतात व पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. पुराच्या दिवसांत वाट मोकळी राहत असल्याने चढणीच्या माशांना ही रचना पक्क्या धरणाइतकी घातक नाही. भोगावतीवरील राधानगरी धरणाने (शाहूकाळात आरंभ, १९५७ मध्ये पूर्ण) मात्र वरचा मार्ग कायमचा तोडला. बंधाऱ्यांच्या संथ फुगवट्यात कटला, रोहू, मृगळ हे उत्तर भारतीय मासे आणि १९५२ मध्ये भारतात आलेली चिलापी यांना अनुकूल परिस्थिती लाभली. गरीला आज बहुतेक वेळा चिलापीच लागते. तिच्याशी झुंज घेण्यात सोमेश्वराला फारसा रस वाटला नसता.

उन्हाळ्यात हाच फुगवटा घातक ठरतो. कोल्हापूरचे सांडपाणी वाहून आणणारा जयंती नाला, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेतील रंगद्रव्ये अडलेल्या पाण्यात साचतात. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो आणि शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मृत माशांचा खच पडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आल्यावर नागरिकांच्या याचिकांमुळे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात ऐरणीवर आला. तेथे वादी झाली ती पाणी पिणारी माणसे. मासे धरणाऱ्यांच्या वतीने बोलण्यास डर्बीसारखे मंडळ नव्हते. मासे तरंगू लागले, की वरच्या धरणातून पाणी सोडून व बरगे काढून दूषित पाणी पुढे ढकलले जाते. ते खालच्या बंधाऱ्यात आणि शेवटी नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेत उतरते.