सायकल-हँडल, शर्यतीचे

सायकलला दिशा देणारा व स्वाराच्या शरीराचा पुढील भार पेलणारा दांडा. रस्त्यावरील शर्यतींच्या सायकलीत त्याची दोन्ही टोके मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळविलेली असतात. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी.पुढे स्वाराची बहुतेक शक्ती हवेच्या रोधावर मात करण्यात खर्च होते आणि या रोधाला यंत्रापेक्षा स्वाराचे शरीरच अधिक कारणीभूत असते. त्यामुळे हँडलातील बदल हा वस्तुतः स्वाराच्या बैठकीतील बदल होय.

या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग १९८७ च्या सुमारास अमेरिकेत झाला. बून लेनन या स्कीइंग-प्रशिक्षकाने उतारावरून घसरणाऱ्या स्कीपटूची अंग आक्रसलेली बैठक सायकलीवर आणली. कोपरे टेकण्यास गाद्या आणि हात पुढे जवळजवळ धरण्यास दांडा, अशी ही जोड होती. ट्रायथ्लॉनपटूंनी ती लगेच स्वीकारली. यूरोपातील व्यावसायिक स्वार मात्र तिच्याकडे साशंकतेने पाहत राहिले.

तिची खरी कसोटी १९८९ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत लागली. ग्रेग लेमाँड या अमेरिकन स्वाराने रेन येथे संपलेला ७३ किमी.चा वैयक्तिक वेळ-टप्पा हे हँडल वापरून जिंकला होता. तरीही अखेरच्या दिवशी, २३ जुलै रोजी, तो फ्रेंच स्वार लोराँ फीन्याँच्या ५० सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे २४·५ किमी. अंतर लेमाँडने २६ मिनिटे ५७ सेकंदांत, ताशी सु. ५४·५ किमी. वेगाने कापले. उघड्या डोक्याने व जुन्या धर्तीच्या हँडलावर धावलेल्या फीन्याँला ५८ सेकंद अधिक लागले. सु. ३,२८५ किमी.च्या शर्यतीचा निकाल असा अवघ्या ८ सेकंदांनी लागला. पुरुषांच्या स्पर्धेतील हा सर्वांत निसटता विजय होय.

याचे सारे श्रेय हँडलाला देणे मात्र युक्त नव्हे. फीन्याँ खोगिराच्या घर्षणाने झालेल्या जखमेने बेजार होता आणि लेमाँडचे शिरस्त्राणही वायुगतिकीय घाटाचे होते. कोपरांच्या आधारामुळे नियमभंग झाला, असा आक्षेपही घेण्यात आला. परंतु निकाल कायम राहिला आणि ही जोड वेळ-टप्प्यांत रूढ झाली.

पुढे स्कॉटिश स्वार ग्रेअम ओब्रीने हात छातीखाली दुमडून १९९३ मध्ये तासाभरात ५१·५९६ किमी. अंतर कापण्याचा विक्रम केला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ती बैठक निषिद्ध ठरविली. लेननची जोड वैयक्तिक व सांघिक वेळ-टप्प्यांत ग्राह्य आहे. समूहाने धावावयाच्या टप्प्यांत तिला मनाई आहे, कारण तीवर कोपरे टेकली असता ब्रेक हाताशी राहत नाहीत.