हार्पसिकॉर्डवर उतरलेली हिंदुस्थानी गाणी

१७८९ साली कलकत्त्यात जोसेफ कूपर या मुद्रकाने छापलेली दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांतले एक साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही : सर विल्यम जोन्स यांनी केलेले कालिदासाच्या 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर. दुसऱ्याचे नाव मात्र साहित्याच्या वर्गात सहसा निघत नाही. ते पुस्तक म्हणजे विल्यम हॅमिल्टन बर्ड या कलकत्त्यातल्या संगीतकाराचे 'द ओरिएंटल मिसेलनी'. उत्तर हिंदुस्थानात त्या वेळी गायल्या जाणाऱ्या सुमारे तीस गाण्यांच्या चाली बर्डने पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवल्या, हार्पसिकॉर्डवर वाजवता येतील अशा बेताने मांडल्या, त्यांना एक सोनाटा जोडला आणि वर्गणीदारांच्या बळावर हे पुस्तक काढून ते वॉरन हेस्टिंग्जला अर्पण केले.

जोन्सच्या भाषांतराचे पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने त्यावरून जर्मन अनुवाद केला आणि गटेपर्यंत शकुंतला पोहोचली. बर्डच्या पुस्तकाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. साहित्याच्या इतिहासकारांनी ते संगीतवाल्यांकडे सोपवले आणि संगीतवाल्यांनी बराच काळ ते एक गमतीची वस्तू म्हणून बाजूला ठेवले. ते बाजूला ठेवण्यासारखे नाही, असे आम्हांला वाटते. एका वाद्यासाठी किंवा कंठासाठी असलेले संगीत दुसऱ्या वाद्यासाठी लिहून काढणे हा भाषांतराचाच एक प्रकार आहे. आणि भाषांतर वाचताना आपण जे प्रश्न विचारतो तेच येथे विचारले, तर ही स्वरांची पाने बरेच काही बोलू लागतात.

प्रथम या पानांमागची पार्श्वभूमी पाहू. ध्वनिमुद्रण नव्हते त्या काळात युरोपातील सुशिक्षित घरांत संगीत पोहोचे ते मुख्यतः छापील कागदावरून. एखादी सिंफनी वाद्यवृंदाकडून ऐकण्याचा योग वर्षानुवर्षे येत नसे. तिची पियानोसाठी केलेली मांडणी मात्र विकत घेऊन घरी वाजवता येई. लोकगीतांनाही अशीच मागणी होती. एडिंबरोच्या जॉर्ज टॉमसनने स्कॉटिश, आयरिश आणि वेल्श चाली जमवल्या आणि त्यांना पियानो, व्हायोलिन व चेलो यांची साथ लिहून देण्याचे काम हायडन आणि बेथोवन यांच्याकडे सोपवले. बेथोवनला पुष्कळदा नुसत्या चालीच मिळत, शब्द मिळतच नसत; त्याने लिहिलेली साथ घरगुती वादकांना कठीण जाते, ही टॉमसनची तक्रारही प्रसिद्ध आहे. म्हणजे चाल एका समाजाची, साथ दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे आणि वाजवणारी बोटे चौथ्याची, हा व्यवहार युरोपात रुळलेला होता. बर्डचे पुस्तक याच बाजारपेठेसाठी तयार झाले. फरक इतकाच, की स्कॉटलंडच्या जागी येथे लखनौ आणि बनारस होते.

या चाली आल्या कोठून? इअन वुडफील्ड यांच्या 'म्युझिक ऑफ द राज' (२०००) या ग्रंथाने आणि त्यानंतरच्या संशोधनाने हे चित्र बरेच स्पष्ट केले आहे. या छंदात पुढाकार कंपनी सरकारच्या वर्तुळातील स्त्रियांचा होता. सोफिया प्लाउडन ही नवाब आसफुद्दौल्याच्या लखनौमध्ये १७८७-८८ च्या सुमारास खानम जान या विख्यात गायिकेची आणि इतरांची गाणी ऐकून लिहून घेत होती. तिच्या संग्रहात चाली पाश्चात्त्य स्वरलिपीत आहेत आणि फारसी व हिंदुस्थानी शब्द वेगळ्या, चित्रांनी सजवलेल्या सुट्या पानांवर आहेत. हा संग्रह आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. बनारसमध्ये मार्गारेट फाउक हेच काम करीत होती.

याच दशकात जोन्स दुसऱ्या वाटेने चालले होते. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'तील पदांवर रागांची नावे आहेत, तेव्हा त्यांच्या मूळ चाली कोणाजवळ तरी असतील, या आशेने त्यांनी शोध घेतला. दक्षिणेच्या पंडितांनी त्यांना पश्चिमेकडे बोट दाखवले, पश्चिमेच्यांनी उत्तरेकडे, आणि उत्तरेतून उत्तर आले, की प्राचीन संगीत आमच्याजवळ नाही. ही हकीकत जोन्सनीच हिंदूंच्या रागपद्धतीवरील आपल्या निबंधात नोंदवली आहे. जोन्स ग्रंथातले संगीत शोधत होते. या स्त्रियांनी समोर गायले जाणारे संगीत कागदावर घेतले. विद्वत्तेच्या इतिहासात पहिल्या कामाला मान मिळाला. दुसऱ्याला छंद म्हटले गेले. पण १७८० च्या दशकात लखनौमध्ये लोक प्रत्यक्ष काय गात होते, याचा स्वरांतला पुरावा आपल्याला मिळतो तो या छंदातूनच.

मात्र हा पुरावा सरळ नाही. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते आणि नाद झपाट्याने विरतो. बोटाने तो स्वर वर चढवता येत नाही, खाली घसरवता येत नाही, हळूहळू मोठाही करता येत नाही. सप्तकात बारा पट्ट्या आहेत. दोन पट्ट्यांच्या मधली जागा या वाद्याला ठाऊक नाही. म्हणजे मींड, आंदोलन, कणस्वर, अर्थात ज्यांवर आपल्या रागाचा चेहरा उभा असतो, ते सारे उंबरठ्यावरच थांबते. उलट, मूळ गाण्यात नसलेली एक गोष्ट येथे आपोआप आत येते. युरोपीय श्रोत्याला डाव्या हाताची स्वरसंगती नसलेली एकटी चाल अपुरी वाटे. म्हणून चालीखाली मंद्र स्वरांची चौकट घातली गेली. षड्ज अखंड धरून ठेवणाऱ्या आधाराच्या जागी बदलते स्वरसमूह आले. त्यामुळे चालीतला प्रत्येक स्वर षड्जाशी नाते सांगण्याऐवजी खालच्या स्वरसमूहाशी नाते सांगू लागला. स्वर तेच राहिले तरी अर्थ बदलला. शब्दशः भाषांतरात शब्द सगळे बरोबर असूनही वाक्याचा रोख चुकतो, तसे हे आहे.

बर्डला या अडचणीची जाणीव होती, पण तिचे निदान त्याने वेगळे केले. त्याच्या प्रस्तावनेचा आशय असा, की या चालींना कालमापाच्या नियमित चौकटीत बसवताना आपल्याला सर्वाधिक कष्ट पडले, कारण हिंदुस्थानी संगीतात तेच फार उणे आहे. तालाचे इतके सूक्ष्म शास्त्र असलेल्या संगीताविषयी हे विधान वाचून आपल्याला हसू येईल. पण हसून पुढे जाणे योग्य नव्हे. त्याने गाण्यांचे रेख्ता, तराणा, टप्पा आणि रागिणी असे प्रकार केले. ठरावीक लांबीच्या आणि स्पष्ट ओळींच्या रेख्त्याला त्याने पसंती दिली. रागिणी मात्र साच्यात बसवता येत नाहीत, असे सांगून टाकले. या पसंतीक्रमात आम्हांला एक माहिती दडलेली दिसते. बर्डच्या कानाला जे जितके दुर्बोध, ते तितके विस्तारावर आणि तत्काळ स्फुरणाऱ्या गायकीवर अवलंबून असले पाहिजे. ज्याला त्याने संगीताचे वैगुण्य म्हटले, ती त्याच्या कागदाची मर्यादा होती. आणि ती कोठे आडवी आली हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवल्यामुळे आज आपल्याला त्या जागी बोट ठेवता येते.

याहून बोलके उदाहरण मार्गारेटचा भाऊ फ्रान्सिस फाउक याचे आहे. त्याने बीन या वाद्याविषयी जोन्सना लिहिलेले पत्र 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात (१७८८) छापले गेले. बीनचे स्वरांतर ठरवताना आपण नुसत्या कानावर विसंबलो नाही, असे तो अभिमानाने सांगतो : त्याने बीन हार्पसिकॉर्डशी जुळवून घेतली आणि मग दोन्ही वाद्ये स्वरामागून स्वर ताडून पाहिली. दोन्हींचे स्वर जुळतात, असा निष्कर्ष निघाला. आधी एकाशी दुसरे जुळवायचे आणि मग ते जुळते म्हणून नोंदवायचे, यात काही लबाडी नव्हती. मोजमापाचे साधन स्वतः तटस्थ असते, ही त्या शतकाची श्रद्धा होती. पौर्वात्य ग्रंथांच्या भाषांतरांतही ती दिसते. जोन्सनी 'शाकुंतल' प्रथम लॅटिनमध्ये उतरवले आणि नंतर इंग्रजीत, कारण लॅटिनची घडण संस्कृतला जवळची वाटली. प्रत्येक भाषांतरकाराजवळ असा एक हार्पसिकॉर्ड असतो.

कलकत्त्याहून हा प्रकार इंग्लंडात गेला आणि तेथे 'हिंदुस्थानी चाल' ही दिवाणखान्यातील एक फॅशन झाली. पुढची पायरी शब्दांची होती. एडवर्ड स्मिथ बिग्ज याने 'ट्वेल्व्ह हिंदू एअर्स' हा संग्रह काढला, तेव्हा चालींवर बसणारी इंग्रजी गीते अमेलिया ओपी या कवयित्रीने लिहिली. मूळ गाण्याचे शब्द गेले, भाषा गेली, गाणारीचे नाव गेले आणि चालीचा सांगाडा उरला.

हा एकमार्गी व्यवहार होता असे मात्र समजू नये. याच सुमारास दक्षिणेत उलट दिशेने तेच घडत होते, आणि त्या प्रदेशाशी मराठीचा जुना संबंध आहे. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचा जन्म तिरुवारूरचा, म्हणजे तंजावरच्या मराठी राज्यातला. काही वर्षे ते मद्रासजवळच्या मणलीस राहिले आणि तेथे इंग्रजी बँडच्या चाली त्यांच्या कानी पडल्या. त्या चालींवर त्यांनी संस्कृत शब्द रचले. या रचनांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. 'गॉड सेव्ह द किंग'च्या चालीवर त्यांनी 'संततं पाहि माम्' ही रचना केली. राजाला दीर्घायुष्य मागणारी चाल संगीताची देवता श्यामला हिच्या स्तुतीसाठी कामी आली. या रचना शंकराभरण रागात मानल्या जातात, कारण त्याचे स्वर पाश्चात्त्य मेजर सप्तकाशी मिळतात. दीक्षितरांनी खालची स्वरसंगती सोडून दिली आणि एकटी चाल उचलली. पण गमकेही घातली नाहीत, चाल सरळच ठेवली. बर्डने पाहुण्याला स्वतःचे कपडे घातले. दीक्षितरांनी पाहुण्याच्या अंगावरचे त्याचे कपडे राहू दिले आणि त्याला आपली भाषा शिकवली.

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) याच काळातले. त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात मराठी, संस्कृत, तमिळ आणि तेलुगू पोथ्यांच्या शेजारी युरोपीय स्वरलिपीचे कागदही आले. मराठी बोलणारा एक राजा, तमिळ मुलूख, तेलुगू कीर्तने आणि इंग्रजी मार्च : भाषांतराचा अभ्यास करणाऱ्याने या दरबाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

तरीही दोन दिशांमध्ये एक असमानता राहते, आणि ती गुणवत्तेची नाही. बर्डजवळ छापखाना होता; त्याची पाने वर्षभरात समुद्रापार जाऊ शकत होती. दीक्षितरांच्या रचना प्रामुख्याने शिष्यपरंपरेने टिकल्या आणि पुष्कळ उशिरा छापल्या गेल्या. त्यामुळे एका बाजूचे वाचन हे 'हिंदुस्थानी संगीत' म्हणून जगात फिरले आणि दुसऱ्या बाजूचे वाचन घरातच राहिले. कोणाचे रूपांतर 'माहिती' ठरते आणि कोणाचे 'करमणूक', हे पुष्कळदा छापखान्याच्या जागेवरून ठरले आहे.

स्वरलिपीचा प्रश्न पुढे मराठी माणसांनी स्वतःच्या हाती घेतला. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी दोन वेगळ्या लेखनपद्धती सिद्ध केल्या. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तील पान बर्डच्या पानाशेजारी ठेवून पाहावे. येथे पाच रेषा नाहीत, ठरलेली पट्टी नाही, स्वरसंगती नाही. सा कोठेही धरावा. सम, टाळी, खाली यांच्या खुणा मात्र नेमक्या आहेत. बर्डला जे उणे वाटले, त्याचाच हा आराखडा आहे. पण मींडेची खूण एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत काढलेली कमानच असते. त्या कमानीखालून कसे जायचे हे तीही सांगत नाही. ते गुरूच्या तोंडून यायचे असते. घराण्यांतल्या बंदिशी छापल्या गेल्या तेव्हा काही गवयांना ती आपल्या ठेव्याची लूट वाटली, काहींना तो विपर्यास वाटला. दोन्ही तक्रारींत तथ्य होते. तरी त्या पानांवाचून कितीतरी बंदिशी आज आपल्यापर्यंत आल्या नसत्या.

म्हणून स्वरलिपीतल्या रूपांतराला केवळ निष्ठेच्या मापाने मोजू नये, असे आम्हांला वाटते. ते मूळचे बिघडलेले रूप नव्हे आणि मूळ तर नव्हेच. ते कोणी, कोणत्या वाद्यासाठी, कोणत्या हातांसाठी लिहिले, हे विचारले की त्यातल्या उणिवाही कागदपत्रांसारख्या वाचता येतात. २०१५ मध्ये जेन चॅपमन या वादिकेने बर्डच्या चालींचे हार्पसिकॉर्डवरील ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. ते ऐकताना लखनौ ऐकू येत नाही, हे खरे. पण डाव्या हाताच्या नीटनेटक्या स्वरसंगतीखालून एखादी ओळ अनपेक्षित ठिकाणी वळते, आणि त्या वळणापाशी कोणा गाणारीने दोनशे वर्षांपूर्वी घेतलेली जागा असावी, असे वाटून आपण थांबतो. खानम जानचा आवाज आता मिळणार नाही. ती जागा मात्र पानावर आहे, आणि ती ओळखायची तर कागदाच्या दोन्ही बाजूंच्या भाषा शिकाव्या लागतील.