कुटुंब नियोजनाचे माहितीपट : संदेश पोचला, पुरुषांचा वाटा राहिला

टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट लागायचा, हे आपल्या भागातल्या जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे हे माहितीपट मराठीसह अनेक भाषांत निघत. थिएटरवाल्यांना ते दाखवणं बंधनकारक होतं.

काय सांगितलं? १९५२ मध्ये कुटुंब नियोजन कार्यक्रम आला. १९६८ मध्ये ‘निरोध’ १५ पैशांना तीन नग या दरात मिळू लागला. लाल त्रिकोण घरोघरी पोचला. पण भर होता तो मुलं किती असावीत यावर. निरोध लैंगिक आजारांपासूनही वाचवतो, हे ठळकपणे पुढे आलं ते १९८६ मध्ये देशात एचआयव्हीची लागण आढळल्यानंतर.

काय राहिलं? आणीबाणीतल्या सक्तीमुळे पुरुष नसबंदीची धास्ती बसली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, निरोध ९.५ टक्के, तर पुरुष नसबंदी फक्त ०.३ टक्के. म्हणजे छोटं कुटुंब पटलं, पण भार बाईवरच.

गोष्टीचा उपयोग : मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अमोल पालेकरांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ केला. त्यात घोषणा नाही, माणूस दिसतो; म्हणून संकोच सुटायला मदत होते. पडदा विषय काढून देतो. पुढचं बोलणं नवरा-बायकोनं घरात करायचं, आणि साधनं आरोग्य केंद्रात वेळेवर मिळायला हवीत.