जळगाववरून गेलेली ॲनी फंक

जळगावच्या फलाटावर उभे राहिले की नागपूरकडून येणाऱ्या गाड्या मुंबईच्या दिशेने धडधडत निघून जातात. १९१२ सालच्या मार्च महिन्यात अशाच एका गाडीतून अडतिशीच्या उंबरठ्यावर असलेली एक अमेरिकन स्त्री या स्थानकावरून गेली असली पाहिजे. बिलासपूरकडून मुंबईला जाणारा माणूस नागपूरमार्गे आला काय किंवा जबलपूर-खंडव्यामार्गे आला काय, भुसावळ आणि जळगाव त्याला चुकत नाहीत. तिचे नाव ॲनी क्लेमर फंक. ती मेनोनाइट पंथाची. तिच्याविषयी कॅथलिक वाचकांना सांगण्याचा मोह आम्हांला का झाला, ते ओघात येईलच.

प्रथम या पंथाविषयी थोडेसे. मेनो सिमन्स हा हॉलंडमधील फ्रिसलंड प्रांतातला, आपल्याच ख्रिस्तसभेचा एक धर्मगुरू. १५३६ साली त्याने धर्मगुरुपद सोडले आणि प्रौढपणी, समजून-उमजून घेतलेला स्नानसंस्कारच खरा, असे मानणाऱ्यांना तो जाऊन मिळाला. त्याच्या अनुयायांनी हाती शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, असा नेम केला. त्यापायी त्यांना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राजवटींकडून छळ सोसावा लागला. कित्येकांना जाळण्यात आले, कित्येकांना पाण्यात बुडविण्यात आले. हा इतिहास आपल्याला भूषणावह नाही, आणि तो झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. १९९८ ते २००३ या काळात व्हॅटिकन आणि जागतिक मेनोनाइट परिषद यांचे प्रतिनिधी एकत्र बसले, तेव्हा या जखमांविषयी उभय पक्षांनी मोकळेपणाने बोलून घेतले.

छळाला कंटाळून जे मेनोनाइट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेले, त्यांच्या वंशात १२ एप्रिल १८७४ रोजी ॲनीचा जन्म झाला. तिचे गाव बॅली. आणि येथेच आमचे कुतूहल जागे झाले, कारण या गावाला नाव मिळाले आहे ते एका येशूसंघीय धर्मगुरूचे! फादर ऑगस्टिन बॅली हे मूळचे बेल्जियमचे. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी या खेड्यात सेवा केली आणि १८८२ साली तेथेच देह ठेवला. त्यानंतर ग्रामस्थांनी गावाचे जुने नाव टाकून त्यांचे नाव लावले. त्याही आधी, १७४१ साली, फादर थिओडोर श्नायडर हे जर्मन येशूसंघीय तेथे आले होते. ते औषधोपचार करीत, मुलांना शिकवीत आणि मिस्साग्रंथाच्या प्रती स्वहस्ते उतरवून काढीत. त्यांनी पहिले मंदिर बांधायला घेतले, तेव्हा शेजारच्या मेनोनाइट शेतकऱ्यांनीही हातभार लावला, अशी आठवण त्या धर्मग्रामात परंपरेने सांगितली जाते. युरोपात ज्यांच्या पूर्वजांनी छळ सोसला आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो केला, ते नव्या भूमीत शेजारी झाले. ॲनी वाढली ती अशा गावात. तेथे घरे मेनोनाइटांची आणि घंटा कॅथलिक मंदिराची.

भारतात मेनोनाइट आले ते दुष्काळामागून. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ छप्पन्नाचा, म्हणजे १८९९-१९०० चा, या दोहोंनी मध्य प्रांत होरपळून निघाला. आपल्या खानदेशातही छप्पन्नाच्या साली माणसे आणि गुरे अन्नपाण्यावाचून गेली. ते साल जुन्या माणसांच्या बोलण्यात फार काळ टिकून राहिले. दुष्काळाच्या वार्ता ऐकून अमेरिकेतील मेनोनाइटांनी प्रथम धान्य आणि पैसा पाठविला, मग माणसे पाठविली. १९०० च्या अखेरीस पेन्नर आणि क्रोकर ही दोन दांपत्ये मुंबईस उतरली. छत्तीसगडात चांपा येथे पेन्नर यांनी कुष्ठरोग्यांना आसरा दिला. क्रोकर जांजगीरला राहिले. हा मुलूखही मराठी माणसाला परका नव्हे. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता.

१९०६ च्या अखेरीस ॲनी जांजगीरला आली. (त्याच साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले.) त्यांच्या परिषदेने भारतात पाठविलेली ती पहिली अविवाहित स्त्री. त्याआधी तिने अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये आणि गिरणीगावातल्या तरुण मुलींमध्ये काम केले होते. समुद्रप्रवासाची तुला भीती वाटत नाही का, असे कोणी विचारले असता, देव जमिनीवर जितका जवळ तितकाच समुद्रावरही जवळ आहे, अशा अर्थाचे उत्तर तिने दिल्याचे सांगतात.

जांजगीरला तिने हिंदी शिकून घेतली आणि एका खोलीत मुलींची शाळा काढली. मुली सतरा. मुलींनी अक्षर गिरवावे ही कल्पनाच खेड्यांतून विचित्र वाटण्याचा तो काळ. पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला आरंभ केला त्याला साठ वर्षे लोटली होती खरी, पण पुण्याचे वारे छत्तीसगडच्या खेड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ॲनीचे मोठेपण सांगू पाहणारे बहुतेक जण तिच्या मरणाकडे धावत सुटतात. आम्हांला मात्र ही सतरा मुलींची खोली अधिक मोलाची वाटते. मरण एका रात्रीचे होते. शाळा रोज सकाळी भरवावी लागत होती.

१९१२ साली घरच्या धर्मग्रामाचे पाळक शेली यांची तार आली: आई फार आजारी आहे, ताबडतोब निघून ये. ॲनी मुंबईला आली आणि ‘पर्शिया’ बोटीने मार्सेलिसला गेली. (हीच ‘पर्शिया’ पुढे १९१५ साली महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडविली.) तेथून ती इंग्लंडला पोहोचली. लिव्हरपूलहून ‘हॅवरफर्ड’ या बोटीने अमेरिकेस जायचे ठरले होते. परंतु इंग्लंडात कोळसा खाणकामगारांचा मोठा संप झालेला. कोळशावाचून बोटी अडकून पडल्या होत्या. आईची ओढ लागलेली. अधिक पैसे भरून तिने दुसऱ्या बोटीचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेतले. ते तेरा पौंडांचे तिकीट होते ‘टायटॅनिक’चे.

१० एप्रिलला ती साउथॅम्प्टनला बोटीवर चढली. १२ तारखेला तिला अडतीस वर्षे पुरी झाली. १४ एप्रिल हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार. त्याच दुसऱ्या वर्गात फादर थॉमस बाइल्स प्रवास करीत होते. ते एका प्रॉटेस्टंट पाळकाचे पुत्र, पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेले, भावाच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला निघालेले. त्या सकाळी त्यांनी प्रवाशांसाठी मिस्सा अर्पण केला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बोट हिमनगावर आदळली. बोटीवर सुमारे २,२०० माणसे, आणि जीवनौकांत जागा १,१७८. फादर बाइल्स यांनी नौकेत बसण्याचे नाकारले आणि अखेरपर्यंत ते लोकांचा पापांगीकार ऐकत, जपमाळेची प्रार्थना सांगत राहिले. वाचलेल्या प्रवाशांनी ते सांगितले आहे.

ॲनीविषयी अशी कथा आहे की ती नौकेत चढणार, इतक्यात लेकुरवाळी एक बाई धावत आली, आणि ॲनीने आपली जागा तिला दिली. या कथेला फादर बाइल्स यांच्यासारखा नावानिशी साक्षीदार नाही, हे इतिहास लिहिणाऱ्याने मान्य करावे. मात्र आकडे काही सांगतात. दुसऱ्या वर्गातील ९३ स्त्रियांपैकी ८० वाचल्या, केवळ १३ गेल्या. त्या वर्गाच्या स्त्रीला त्या रात्री जागा मिळणे सहसा अवघड नव्हते. ती का राहिली, याचे तिच्या लोकांनी दिलेले उत्तर तिच्या आयुष्याशी जुळते, एवढे आम्ही म्हणू शकतो.

पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बोट बुडाली. ॲनीचा देह ओळख पटून मिळाला नाही. जांजगीरच्या शाळेला तिचे नाव देण्यात आले. ती शाळा काही दशके चालली आणि मग बंद पडली. बॅलीच्या मेनोनाइट स्मशानभूमीत तिच्या नावाचा दगड आहे, आणि त्याखाली कोणी पुरलेले नाही.